घरच्या विमानाला मोटारीचे इंजिन?

राईट बंधूंना हवे तसे हलके इंजिन कुणी देईना, तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातील चार्ली टेलर या मेकॅनिकने सहा आठवड्यांत सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन घडवले आणि १९०३ साली विमान उडाले. घरी विमान बांधणाऱ्या अमेरिकेतील हौशी मंडळींना हा दाखला फार प्रिय. आपल्याकडे हा छंद विरळाच. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव २०१६ साली गाजले, तेव्हा कुठे अनेकांना त्याची ओळख झाली. अमेरिकेत मात्र तो दशकानुदशके रुजलेला आहे. तिथला एक जुना वाद असा: लायकमिंगचे महागडे विमानी इंजिन घ्यावे, की माझदा मोटारीचे वांकेल बसवावे?

वांकेल मोठे मोहक. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. कमरेत किंचित आवळलेल्या कोठीत तिकोनी रोटर फिरतो, बस्स! याच जातीच्या इंजिनावर माझदाने १९९१ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. मग विमानात ते का चालू नये?

इंजिन चालेल हो. माझी शंका आहे ती त्याच्या गोतावळ्याविषयी. लायकमिंग मिनिटाला २,७०० फेऱ्यांतच पूर्ण ताकद देते, म्हणून पंखा थेट त्याच्या दांड्यावर बसतो. वांकेलला त्याच्या दुपटीहून अधिक फेऱ्या लागतात. त्या वेगाने पंखा फिरवला तर पात्यांची टोके आवाजाच्या वेगापलीकडे जातील. म्हणून मध्ये गिअर आला, आणि त्याने इंजिनाचे पिळणारे हादरे सोसायला हवेत. पाण्यासाठी रेडिएटर आला, तेलासाठी मोठा कूलर आला. विमानी इंजिनाचा मॅग्नेटो बॅटरीवाचून ठिणगी देतो. इथे ठिणगीही बॅटरीच्या भरवशावर. एवढे सगळे जमवून पैसे वाचतात, हे मला तरी पटत नाही.

अमेरिकी नियमही हे जाणतात. प्रमाणित इंजिन-पंख्याची जोडी असेल तर चाचणी उड्डाणे साधारणपणे २५ तास, नसेल तर ४० तास; आणि तोवर प्रवासी न्यायचा नाही.

यावर कुणी ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स ९१२ कडे बोट दाखवील. त्यालाही गिअर आहे, त्याचीही डोकी पाण्याने थंड होतात, आणि ते जगभर उडते. खरे आहे. पण त्याचे गिअर कारखान्याने इंजिनाबरोबरच घडवले, तपासले. ज्याला पान्यांशी झटण्यातच आनंद आहे, त्याने वांकेल जरूर बसवावे आणि एकट्याने उडवावे. बायकामुलांना घेऊन फिरायचे असेल, तर त्याने जुने पण नीट तपासलेले लायकमिंग शोधावे.