उंबरठ्याच्या आंत

चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगीं सेवेचें ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे चार गुण असावेत, अशी त्यांची अपेक्षा आहे. यांतील अनुरागाचें प्रयोजन काय, हा प्रश्न मला अनेक वर्षें पडत असे. ज्ञान आहे, दक्षता आहे. मग माया नसली तर बिघडलें कोठें? अमेरिकेंतील एका उपक्रमाची हकीकत वाचतांना या प्रश्नाचें उत्तर मला नुकतेंच सांपडलें. तें वाचकांपुढें ठेवितों.

मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्व्हादोर आदि देशांतून पोटासाठीं अमेरिकेंत गेलेल्या स्त्रियांस तिकडे लॅटिना म्हणतात. कोणी मळ्यांत फळें तोडते, कोणी परक्यांचीं घरें झाडते, कोणी उपाहारगृहांत भांडीं घासते. मायदेशीं यांचें अन्न म्हणजे मक्याची पोळी, घेवडा, मिरची व भाजी. नव्या देशीं दिवसभर राबून घरीं आल्यावर रांधण्यास त्राण उरत नाहीं. तळलेले तयार पदार्थ आणि बाटलींतील गोड पेयें मात्र स्वस्त व हाताशीं असतात. परिणाम व्हावयाचा तोच होतो. अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजाप्रमाणें तेथील प्रौढांस आयुष्यांत टाइप २ मधुमेह जडण्याचा संभव शेंकडा ४० आहे. लॅटिन वंशाच्या प्रौढांत तो शेंकडा ५० हून अधिक आहे.

उपाय अज्ञात आहे असें नाहीं. मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या ३,२३४ लोकांवर तिकडे एक मोठा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांनीं आहार सुधारला आणि आठवड्यास १५० मिनिटें चालण्यासारखा व्यायाम करण्याचें ध्येय ठेविलें, त्यांच्यांत रोगाचें प्रमाण शेंकडा ५८ नें घटलें. मेटफॉर्मिन हें औषध घेणारांत तें शेंकडा ३१ नें घटलें.

मग अडतें कोठें? डॉक्टर इंग्रजी बोलतो. बाईस पुष्कळदां तें समजत नाहीं. कित्येकींजवळ वास्तव्याचीं कागदपत्रें नसतात, आणि २०१० च्या कायद्यानें उभ्या केलेल्या विमाबाजाराचें दार अशांस बंद आहे. दवाखान्याची पायरी चढावयाची म्हणजे खर्चाची धास्ती, आणि पकडलें जाण्याचीहि धास्ती.

येथें 'प्रोमोतोरा' पुढें येते. ती वैद्य नव्हे, परिचारिकाहि नव्हे. त्याच वस्तींतील, त्याच बोलीची, बहुधा स्वतःच देशांतर करून आलेली आणि थोडें शिक्षण घेतलेली अशी ती बाई असते. ती घरीं येते, स्वयंपाकघरांत बसते. घेवडा टाकून द्या असें ती सांगत नाहीं; तो चरबीऐवजीं थोड्या तेलांत परतून पाहूं, म्हणते. व्यायाम करा असा उपदेश न करितां चार बायका गोळा करून स्वतः त्यांच्याबरोबर चालावयास निघते. स्पॅनिश भाषेंत आई व तिच्या लेंकराची धर्ममाता एकमेकींस 'कोमाद्रे' म्हणतात. प्रोमोतोरेचें नातें त्याच जातीचें असतें.

सॅन डिएगो परगण्यांत ३५७ लॅटिना स्त्रियांचे तीन गट करून हें पारखून पाहिलें गेलें. एका गटास आहारविषयक सर्वसामान्य पत्रकें दिलीं, दुसऱ्यास प्रत्येकीच्या संवयी पाहून लिहिलेलीं पत्रें पाठविलीं, तिसऱ्यास तशा पत्रांच्या जोडीस प्रोमोतोरेच्या भेटी दिल्या. १२ आठवड्यांनंतर तिसऱ्या गटाच्या खाण्यांतील स्निग्धांश इतरांहून कमी झाला. परंतु पुढें वर्षभरानें पाहतां तीन गटांतील अंतर बहुतेक मावळलें होतें. तेव्हां कागद अगदींच निरुपयोगी ठरत नाहीं, आणि भेटीची जादू कायमची टिकतेच असेंहि नाहीं, हें मान्य केलें पाहिजे.

आणखी एक दुखणें आहे. पुष्कळ ठिकाणीं हें काम ठराविक मुदतीच्या अनुदानावर चालतें. अनुदान संपलें कीं भेटीहि संपतात. कित्येकींस तर वेतनच नसतें. माया विकत मिळत नाहीं हें खरें. पण म्हणून ती फुकट घ्यावी, हा कोणता न्याय?

ही कल्पना आपणांस परकी नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ सालीं काढलेल्या एका पुस्तकांत ग्वाटेमालांतील अशाच कार्याशेजारीं आपल्या जामखेडचा वृत्तांत आहे. आणि २००५ पासून आपल्याकडे आशाताई दारोदार फिरत आहेत. सरकारदप्तरीं त्याहि स्वयंसेविकाच, मोबदला कामागणिक. आमच्या घरीं आशाताई येत, तेव्हां त्यांच्या प्रश्नांस मी ओटीवरच उत्तरें देऊन त्यांस वाटेस लावीत असें. गेल्या वर्षीं मी घरीं नव्हतों. सूनबाईंनीं त्यांस माजघरांत बसवून चहा दिला, आणि आमच्या कुटुंबानें आपले पाय कित्येक महिने बधिर होत असल्याचें त्यांस सांगितलें. तपासणींत साखर वाढलेली निघाली. ही गोष्ट तिनें ना डॉक्टरांस सांगितली होती, ना मला.

चरकाचार्यांनीं अनुराग कां मागितला, तें मला साठी उलटल्यावर कळलें. आतां आशाताईंस ओटीवर थांबविणें नाहीं.