मोडीचा भाव कोणाला?

जुन्या वस्तू हुडकून त्या 'पुरातन' म्हणून मोबाईलवरून विकायच्या, या जोडधंद्याचे स्वावलंबनाचा नमुना म्हणून कौतुक चालले आहे. पण वस्तू येतात कोठून? गोंदिया १९९९ पर्यंत ज्या जिल्ह्यात होते, तो भंडारा पितळी भांड्यांसाठी ख्यात. देवरी-सालेकशाकडे रोवणीच्या तोंडावर हात आखडला की आजेसासूचे घंगाळ घराबाहेर पडते आणि मोडीच्या भावाने, किलोवर जाते. तेच चिंचेने घासून पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यासाठी मांडले की वजन विसरून वय मोजले जाते. ते वय त्या भांड्यात कोणी भरले?

विकणारा तरुण आमचा शत्रू नव्हे. पदवी घेऊन तोही बेकारच. १९७२ चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंचा व्यापार परवान्याविना करू देत नाही. वस्तूची चाड सरकारला आहे, ती मोडणाऱ्या घराची नाही!

कार्यकर्त्यांनी आठवडी बाजारात उभे राहून बायाबापड्यांना खरा भाव सांगावा. बचत गटांनी विक्री स्वतःच्या हाती घ्यावी. धानाचे चुकारे रखडतात तेव्हाच घंगाळ निघते, हे तहसीलीवर जाऊन ठणकावणे मात्र आपले काम आहे, आणि ते यंदाच्या रोवणीआधी झाले पाहिजे.