फेब्रुवारीत गाव कुठे असते?

एखाद्या वस्तीला पक्का रस्ता मिळावा की नाही, हे तेथे माणसे किती राहतात यावरून ठरते. वरवर पाहता हा हिशेब न्याय्य वाटतो. परंतु परळी वैजनाथच्या परिसरात तो लावू गेले की पहिलाच प्रश्न अडतो : ही माणसे मोजायची कोणत्या महिन्यात?

परळी हे दळणवळणाच्या दृष्टीने मागासलेले गाव नव्हे. निजामी राजवटीतच येथे रेल्वे आली. ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र, औष्णिक वीज केंद्र, परभणी आणि विकाराबादकडे जाणारे लोहमार्ग, असे सारे येथे आहे. मात्र शहर सोडून बालाघाटाच्या डोंगराकडे वळले की वाड्या आणि तांडे लागतात. फाट्यापर्यंत एसटी आणि पुढे पायपीट, हा क्रम तेथील अनेकांच्या अंगवळणी पडला आहे.

याच वाड्या-तांड्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे ‘कोयते’ बाहेर पडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची, पोराबाळांसह बिऱ्हाड ट्रकमध्ये घालायचे आणि पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटक गाठायचे. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, त्यांचे घर म्हणजे फडाजवळची कोपी. मागे उरतात ती म्हातारी माणसे.

आता जनगणनेचे वेळापत्रक पाहा. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या संपूर्ण काळात जो घरी नसतो, त्याची नोंद तो जेथे आढळेल तेथे होते, हा गणनेचा नियम आहे. म्हणजे ऐन गळीत हंगामात तांड्याची माणसे मोजली जातात ती परमुलखातल्या कोपीत. देशाच्या बेरजेत ती येतात. गावाच्या बेरजेतून मात्र वजा होतात. आणि कोपीसाठी कोणी रस्ता बांधत नाही.

या वजाबाकीची किंमत मोठी आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशातील वस्तीसाठी किमान ५०० लोकसंख्येची अट होती. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही हीच अट आहे आणि आधार २०११ च्या आकड्यांचाच आहे. सहाशे माणसांच्या तांड्यातून सव्वाशे माणसे फडावर असली, तर तो तांडा कागदावर अपात्र ठरतो. एसटीच्या फेरीचेही तेच. हिवाळ्यात गाडी रिकामी धावते म्हणून बंद करावी, तर पावसाळ्यात बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला गाडी नाही.

अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या लोहमार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. गाडी आष्टीला २०२२ मध्ये आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी पोहोचली. या विलंबावर मोर्चे निघाले, निवडणुका गाजल्या. तांड्याच्या तीन किलोमीटर रस्त्यासाठी असा आवाज उठत नाही, कारण आवाज उठवणारी तरणी माणसे अर्धे वर्ष गावातच नसतात.

नव्या जनगणनेतही हाच घोळ आहे. घरयादीसाठी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरचा काळ आणि शिरगणतीसाठी फेब्रुवारी २०२७ ठरला. म्हणजे घरे मोजायची तेव्हा घरात माणसे, आणि माणसे मोजायची तेव्हा दाराला कुलूप!

देशाचे वेळापत्रक बीडसाठी बदलावे, असे मी म्हणणार नाही. परंतु रस्त्याची पात्रता ठरवताना शिरगणतीच्या जोडीला घरयादी आणि मतदारयादी पाहण्यास काय हरकत आहे? स्थलांतरित कुटुंबांची नोंद ग्रामपंचायतीने दिवाळीपूर्वी करावी आणि ती ग्राह्य धरावी. एसटीनेही फेऱ्या हंगाम पाहून आखाव्यात. जी माणसे रस्ता नाही, पाणी नाही, काम नाही म्हणून गाव सोडतात, ती गावात नाहीत म्हणून रस्ता नाकारणे, हा न्याय नव्हे.