विनयाचे कौतुक की नावाचा अपहार?

टायरस वाँग या चिनी चित्रकाराविषयी बोलताना एक सूर हटकून कानी येतो. हा पुरुष मोठा निगर्वी. आपले नाव झळकावे अशी त्यास कधी हाव नव्हती. अनामिक राहून कलेची सेवा करणे हा तर पौर्वात्य कलावंताचा धर्मच! या स्तुतीस आमचा सक्त विरोध आहे. जे त्याच्यापासून हिरावून घेतले गेले, ते त्याने दान केले असे म्हणणे म्हणजे अपहारावर शेला पांघरणे होय.

वस्तुस्थिती पाहा. वाँगचा जन्म १९१० साली दक्षिण चीनमध्ये झाला. १९२० मध्ये तो बापाबरोबर अमेरिकेस निघाला, तेव्हा चिनी मजुरांस मज्जाव करणारा १८८२ चा कायदा तेथे जारी होता. म्हणून परक्याच कोणाचा मुलगा असल्याचे खोटे कागद दाखवून त्यास उतरावे लागले, आणि एंजल बेटावर ते पोर बापावाचून स्थानबद्ध राहिले. नाव टाकण्याचा पहिला धडा त्यास कोणा ऋषीने दिला नाही, तो सरकारी कायद्याने दिला. पुढे शाई परवडेना, तेव्हा बाप त्याच्याकडून वर्तमानपत्रावर पाण्याने अक्षरे गिरवून घेई.

लॉस एंजेलिसच्या ओटिस कलाशाळेत शिकून १९३८ मध्ये तो डिस्नेच्या चित्रशाळेत लागला. काम कसले, तर दोन मुख्य रेखाटनांमधली रेखाटने भरून काढण्याचे! त्या वेळी ‘बॅम्बी’ची तयारी चालली होती, आणि पानापानांनी गजबजलेल्या अरण्यात हरिणाचे पाडसच हरवून जात होते. सुंगकालीन निसर्गचित्रांचे मर्म जाणणाऱ्या वाँगने थोडक्या फटकाऱ्यांत धुके, प्रकाश व वृक्षांचा आभास तेवढा उभा केला; सबंध चित्रपटास त्याचा रंग चढला. परंतु १९४१ च्या संपानंतर, स्वतः संपात नसताही, त्यास काढून टाकण्यात आले. १९४२ मध्ये चित्रपट झळकला, तेव्हा पार्श्वभूमीच्या चित्रकारांच्या यादीत एक नाव, एवढीच त्याची नोंद राहिली. कंपनीने त्याचा गौरव केला तो २००१ मध्ये, त्याच्या नव्वदीत.

कोणी म्हणेल, चित्रपट हे शेकडो हातांचे काम. नावे घ्यावी तरी किती? आक्षेप क्षुल्लक नाही. पण मग सर्वांत ठळक अक्षरांत एका मालकाचेच नाव कसे मावते? राहता राहिला पौर्वात्य धर्म. ज्या सुंगकाळास वाँगने गुरू मानले, त्यातील फान क्वान यानेही झाडीत लपवून का होईना, आपली सही केली. ती १९५८ मध्ये सापडली. पुढील शतकांत तर चित्रकाराच्या नावाशेजारी तांबडी मुद्रा उमटे, आणि संग्राहकही आपापल्या मुद्रा ठोकीत. मग अनामिकतेची ही परंपरा कोणत्या चीनमधली?

वाँग विनयशील असेल. तो त्याचा गुण. त्याच्या विनयाचे भांडवल करणे हा मात्र इतरांचा दोष. १९४३ मध्ये तो कायदा रद्द झाला, १९४६ मध्ये वाँग अमेरिकेचा नागरिक झाला आणि २०१६ मध्ये, वयाच्या १०६ व्या वर्षी, निवर्तला. आता न्याय करणे प्रेक्षकांच्याच हाती आहे. मुलांस ‘बॅम्बी’ दाखविताना, ते अरण्य प्रथम कोणाच्या कुंचल्यातून उतरले, एवढे वडीलधाऱ्यांनी त्यांस अवश्य सांगावे.