सहा स्पिंडलांचे गणित

तासगावचे नाव घेतले की डोळ्यांपुढे येतात ती द्राक्षे, बेदाण्याचे सौदे आणि गणपती मंदिराचे दाक्षिणात्य धाटणीचे गोपुर. यंत्रकामाशी या गावाची सांगड सहसा कोणी घालत नाही. वस्तुतः लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर वसवलेली किर्लोस्करवाडी तासगावच्या शेजारचीच. नांगर आणि पंप तेथे तयार झाले. पुढे त्याच घराण्याने १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करची स्थापना करून लेथ बनवण्यातही पाऊल टाकले. मिरज, कुपवाड आणि शिरोली येथील औद्योगिक वसाहती याच परंपरेच्या पुढच्या पिढ्या होत.

या पट्ट्यातील कारखानदारीची खरी ताकद ओतकामात आणि ओतलेल्या भागांच्या यंत्रणात आहे. बोटाच्या पेराएवढे, लाखोंच्या संख्येने लागणारे आणि मायक्रॉनच्या हिशेबाने तपासले जाणारे भाग बनवणे हा मात्र निराळा धंदा आहे. ब्रेक यंत्रणेतील झडपा, संवेदकांची कवचे, हायड्रॉलिक जोड, इंधन अंतःक्षेपणातील सुटे भाग अशी त्यांची यादी लांबलचक आहे. या धंद्यात शिरू पाहणाऱ्या लघुउद्योजकापुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतो. एकाच यंत्रात सहा किंवा आठ स्पिंडल असलेला सीएनसी लेथ घ्यावा काय? यंत्र परदेशी, किंमत कोटींच्या घरात आणि तारण म्हणून पुष्कळदा द्राक्षबागेचा सातबारा. त्यामुळे हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

यंत्र नेमके काय करते?

जुन्या कारखान्यांत ‘ट्रॉब’ या नावानेच ओळखला जाणारा कॅमवर चालणारा ऑटोमॅट एका वेळी एकच बार धरतो. साधा सीएनसी लेथही एका जॉबवर एकामागून एक क्रिया करतो. अनेक स्पिंडलांच्या यंत्रात सहा बार एका फिरत्या ड्रममध्ये बसवलेले असतात. पहिल्या थांब्यावर बाहेरची कातण, दुसऱ्यावर छिद्र, तिसऱ्यावर आटे, असे करीत सहाव्या थांब्यावर जॉब कापून खाली पडतो. सहाही ठिकाणी काम एकाच वेळी चालू असते आणि ड्रमच्या प्रत्येक टप्प्याला एक तयार नग हाती येतो. जर्मनीतील इंडेक्स आणि शुट्टे, स्वित्झर्लंडमधील टोर्नोस ही या क्षेत्रातील नामांकित नावे. पूर्वीच्या कॅमच्या यंत्रात जॉब बदलायचा म्हणजे कॅम बदलण्यापासून तयारी असे. सीएनसीमुळे तो वेळ कमी झाला, पण संपला नाही.

लागणारा वेळ सहा क्रियांच्या बेरजेवर नव्हे, तर त्यांतील सर्वांत लांब क्रियेवर ठरतो. उदाहरणादाखल एक जॉब साध्या सीएनसी लेथवर ४० सेकंदांत होतो असे धरू. सहा स्पिंडलांवर सर्वांत लांब क्रिया ७ सेकंदांची असेल आणि ड्रम फिरायला १ सेकंद लागत असेल, तर दर ८ सेकंदांना एक नग मिळेल. मात्र एखादे खोल छिद्र एकाच थांब्यावर पाडावे लागले आणि त्याला १४ सेकंद लागले, तर उरलेले पाचही स्पिंडल त्याची वाट पाहत राहतील आणि उत्पादन जवळजवळ निम्म्यावर येईल. म्हणून विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील वेग पाहण्याऐवजी आपल्याच जॉबचे थांबेनिहाय वेळापत्रक मागणे ही मूल्यमापनाची पहिली पायरी ठरते.

भरलेले तास आणि रिकामे तास

हेच उदाहरण वर्षभरासाठी पाहू. वर्षाचे ३०० दिवस, दिवसाला २० तास आणि प्रत्यक्ष उपयोग ८० टक्के धरला, तर ४,८०० तास हाती येतात. साध्या यंत्रावर एवढ्या तासांत सुमारे ४ लाख ३२ हजार नग निघतील, सहा स्पिंडलांच्या यंत्रावर २१ लाख ६० हजार. म्हणजे एक यंत्र पाच यंत्रांचे काम करते. जागा, माणसे आणि देखरेख यांची बचत त्यात उघड दिसते.

पण मागणी ८ लाख नगांचीच असेल, तर चित्र पालटते. ती दोन साध्या यंत्रांवर भागते आणि मोठे यंत्र साठ टक्क्यांहून अधिक वेळ रिकामे उभे राहते. बँकेचा हप्ता मात्र पूर्ण भरावा लागतो. शिवाय पाच यंत्रांपैकी एक बंद पडले तर चार चालू राहतात. एकुलते एक यंत्र बंद पडले तर ग्राहकाची जुळणी-साखळीच अडते. सुटा भाग युरोपातून यायचा असेल, तर प्रत्येक दिवसाची किंमत वेगळीच.

जॉब बदलण्यात जाणारा वेळ हा या हिशेबातला छुपा खर्च होय. एका बदलाला आठ तासांची पाळी लागते असे समजले आणि बदल आठवड्यातून एकदा केला, तर वर्षाच्या ६,००० तासांपैकी सुमारे सात टक्के त्यात जातात. तोच बदल दर दोन दिवसांनी करावा लागला, तर वीस टक्के. तेव्हा वार्षिक नग किती, एवढेच विचारून भागत नाही. ते किती प्रकारचे आणि एका कुटुंबातले आहेत काय, हेही विचारावे लागते. बारचा व्यास, धातू आणि क्रियांचा क्रम सारखा असलेल्या चार-पाच जॉबांचा गट हे या यंत्राचे खरे खाद्य. पन्नास निरनिराळे जॉब थोडेथोडे करणाऱ्या जॉबवर्कच्या कारखान्याला ते पचणारे नाही. लांब आणि बारीक भागांसाठी तर घड्याळांच्या उद्योगातून जन्मलेला स्लायडिंग हेड लेथ अधिक सरस ठरू शकतो.

सहा स्पिंडल, सहा स्वभाव

अचूकतेची परीक्षाही येथे वेगळी असते. सहा स्पिंडल म्हणजे व्यवहारात सहा लेथ. प्रत्येकाची झीज आणि प्रत्येकाचे थोडे-फार विचलन निराळे. तपासनीस दर ६०० नगांनंतर एक नग उचलत असेल, तर ६०० ला सहाने पूर्ण भाग जात असल्याने तो नग दर वेळी एकाच स्पिंडलचा असतो. बाकीचे पाच बिघडले तरी कागदावर सारे आलबेल दिसते. म्हणूनच स्वीकृती चाचणीत प्रत्येक स्पिंडलचे नग वेगळे मोजून त्यांची क्षमता वेगळी काढायला हवी. तीही यंत्र थंड असताना आणि कित्येक तास चालून तापल्यावर, अशी दोन्ही वेळा, आणि शक्यतो आपल्याच पुरवठादाराचा बार घालून.

तापमानाचा मुद्दा आपल्याकडे अधिकच महत्त्वाचा. मापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. तासगावच्या उन्हाळ्यात पत्र्याखालील कारखान्याची काय अवस्था होते, हे सांगायला नको. जॉब आणि मापक यांच्या तापमानात २० अंशांचा फरक असेल, तर २० मिलिमीटर व्यासाचा पोलादी भाग सुमारे साडेचार मायक्रॉनने मोठा भरतो. पितळेचा तर साडेसात मायक्रॉनहून अधिक. एकूण सवलतच १० मायक्रॉनची असेल, तर धातूला हात लावण्यापूर्वीच तिचा मोठा वाटा संपतो. त्यामुळे वातानुकूलित मापनकक्ष, कटिंग ऑइल थंड ठेवण्याची सोय, तेलाच्या धुक्याचे निष्कासन आणि आग विझवण्याची यंत्रणा हा सारा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला पाहिजे. सरळ आणि अचूक व्यासाचा ब्राइट बार, अखंड वीज आणि सहाही थांबे एकत्र डोक्यात ठेवू शकणारा सेटर यांचीही गणना त्यातच होते. दर ८ सेकंदांना एक नग म्हणजे तासाला ४५० नग. टूल तुटल्याचे अर्धा तास लक्षात आले नाही, तर सव्वादोनशे नग भंगारात जातात.

कर्ज सुलभ, जोखीम तीच

या पार्श्वभूमीवर सरकारी धोरणाकडे पाहायला हवे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना १०० कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ६० टक्के हमी देणारी योजना मंजूर केली. प्रकल्पखर्चाचा किमान ७५ टक्के भाग यंत्रसामग्रीचा असावा, अशी तिची अट आहे. एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगाची गुंतवणूक-मर्यादाही २५ कोटी रुपयांपर्यंत वाढली. निर्यातीच्या बदल्यात भांडवली यंत्र सीमाशुल्काविना आणण्याची सवलतही आहे. मात्र वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते.

या सवलती स्वागतार्हच आहेत, पण त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हमी बँकेच्या नुकसानीला असते, उद्योजकाच्या नव्हे. कर्ज मिळणे सोपे झाले म्हणून मागणी वाढत नाही. सूक्ष्म आणि लघुउद्योगांची देणी ४५ दिवसांत न देणाऱ्या खरेदीदाराची प्राप्तिकरातील वजावट रोखण्याची तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने केली. तरीही मोठ्या ग्राहकापुढे लहान पुरवठादाराचा आवाज किती चढतो, हे प्रत्येक कारखानदार जाणतो.

सर्वांत मोठी अनिश्चितता मोटारीच्या बॉनेटखाली आहे. एप्रिल २०२० मध्ये भारत टप्पा सहा लागू झाल्यावर इंधन अंतःक्षेपण आणि संवेदक यांचे महत्त्व वाढले. पण विजेच्या मोटारीला ना इंजेक्टर लागतो ना स्पार्क प्लग. दहा-पंधरा वर्षे चालणारे यंत्र केवळ इंजिनच्या भागांच्या भरवशावर घेणे म्हणजे आटत चाललेल्या विहिरीवर नवा पंप बसवणे होय. ब्रेक, संवेदक, विद्युत जोडण्या आणि हायड्रॉलिक्स यांतील भाग इंधन कोणतेही असले तरी लागणार आहेत. यंत्राचा निदान निम्मा वेळ अशा भागांनी भरणार असेल, तरच पाऊल पुढे टाकावे.

मग करावे काय?

तासगावसारख्या गावातील नव्या उद्योजकाने थेट सहा स्पिंडलांवर उडी घेण्याऐवजी आधी दोन-तीन साधे सीएनसी किंवा स्लायडिंग हेड लेथ घेऊन ग्राहक आणि गुणवत्ता यांची घडी बसवावी, हा शहाणपणाचा मार्ग दिसतो. एकाच कुटुंबातील जॉबांची मागणी मोठ्या यंत्राच्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशापर्यंत पोहोचली, किमान तीन वर्षांचा लेखी करार हाती आला आणि कोणत्याही एका ग्राहकावरील अवलंबित्व निम्म्याच्या आत राहिले, तर त्या यंत्रासारखा दुसरा सोबती नाही. अचूक मापनकक्ष, टूलना धार लावण्याची सोय आणि सेटरचे प्रशिक्षण या गोष्टी मात्र एकेकट्याने उभ्या करण्याच्या नव्हेत. त्यांसाठी केंद्राच्या समूह विकास कार्यक्रमातून सामाईक सुविधा केंद्राला अनुदान मिळते. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे शिकलेल्या मुलांना पुण्याची वाट धरावी लागू नये असे वाटत असेल, तर अशा केंद्राची निकड एखाद्या चकचकीत यंत्राहून अधिक आहे.

सहकाराने उसाला गाळप दिले, शीतगृहांनी बेदाण्याला दम धरायला शिकवले. भाव पडला तर तासगावचा शेतकरी बेदाणा शीतगृहात ठेवून चार महिने थांबू शकतो. यंत्राच्या रिकाम्या तासासाठी मात्र कोणतेही शीतगृह नाही. आज वापरला नाही, तर तो आजच नासतो. सातबारा बँकेत नेण्यापूर्वी एवढे एक गणित घरी बसून मांडलेले बरे.