खाते आपल्या नावाचे, हिशेब आपल्या हाती



गणेशोत्सव संपता संपता जर्मनीतील विद्यापीठांच्या हिवाळी सत्राची चाहूल लागते आणि आपल्या मंडळात नवे चेहरे दिसू लागतात. ऑक्टोबरात वर्ग सुरू होण्याआधी या मुलामुलींचे दोन प्रश्न ठरलेले असतात: खोली कुठे मिळेल आणि बँकेत खाते कुठे उघडू? खोलीच्या प्रश्नाला आपल्यापैकी कोणाकडेच सोपे उत्तर नाही. खात्याच्या प्रश्नाला मात्र आपण सगळे चटकन उत्तर देतो, "माझे अमुक बँकेत आहे, तूही तिथेच उघड." सल्ला आपुलकीचा असतो. पण पगारदार इंजिनिअरला जे खाते विनाशुल्क पडते, त्याच खात्यासाठी विद्यार्थ्याला किंवा नोकरी नसलेल्या जोडीदाराला दरमहा पैसे मोजावे लागू शकतात. म्हणून या अंकाचे संपादकीय आम्ही या एकाच विषयाला दिले आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. जर्मनीत कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येकाला बँक खाते मिळण्याचा हक्क आहे. 2014 मध्ये युरोपीय संघाने यासाठी निर्देश काढला आणि त्यानुसार जर्मनीत 2016 पासून प्रत्येक ग्राहकाला 'बाझिसकोंटो', म्हणजे मूलभूत खाते, मागता येते. त्यासाठी पगाराची अट नाही. कायमचा पत्ता नसलेल्यांना आणि आश्रय मागणाऱ्यांनाही हा हक्क आहे. अर्ज पूर्ण भरून दिल्यावर बँकेला कामाच्या 10 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. जर्मनीत तुमचे दुसरे चालू खाते आधीच असेल, तर बँक नकार देऊ शकते. "परदेशी आहात" किंवा "उत्पन्न नाही" हे मात्र नकाराचे कारण होऊ शकत नाही. तसे झाल्यास 'बाफिन' या वित्तीय नियामक संस्थेकडे दाद मागता येते आणि ती बँकेला खाते उघडण्याचा आदेश देऊ शकते. या खात्यात उधारीची सोय नसते. पण पगार जमा होणे, भाडे जाणे, कार्डाने पैसे देणे ही रोजची कामे त्यात होतात.

मूलभूत खात्याचे शुल्क वाजवी असावे, असेही कायदा सांगतो. 2020 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका मोठ्या बँकेचे अशा खात्यासाठीचे दरमहा 8.99 युरोंचे शुल्क अवाजवी ठरवले. 2021 मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निकाल दिला: ग्राहकाने दोन महिने काही कळवले नाही म्हणून त्याला नवे शुल्क मान्य आहे, असे बँकेने गृहीत धरता येणार नाही. तेव्हापासून बँका शुल्कवाढीला स्पष्ट संमती मागतात. त्यामुळे ॲपमध्ये 'मान्य आहे' असे बटण समोर आले की ते दाबण्याआधी खालचा मजकूर वाचा. जर्मन कच्चे असेल तर मंडळात कोणालाही विचारा. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

आता शुल्काकडे वळू. शाखा असलेल्या बँकांमध्ये, म्हणजे शहरोशहरीच्या श्पारकास्से आणि सहकारी तत्त्वावरच्या फोल्क्सबांकेत, चालू खात्याला बहुधा मासिक शुल्क असते. ते प्रत्येक ठिकाणी वेगळे, कारण या बँका स्थानिक आहेत. म्युनिकच्या श्पारकास्सेचे दर कोलोनच्या श्पारकास्सेला लागू होत नाहीत. शाखा नसलेल्या ऑनलाइन बँकांमध्ये खाते अनेकदा विनाशुल्क असते, पण ते अटींवर. दरमहा ठरावीक रक्कम जमा झाली पाहिजे, ही सर्वांत नेहमीची अट. ही रक्कम कुठे 700 युरो असते, तर कुठे 1000. वयाची सवलत दुसरी. बऱ्याच बँका विद्यार्थ्यांना किंवा विशिष्ट वयाखालच्या ग्राहकांना शुल्क लावत नाहीत.

विद्यार्थ्यांनी इथे बारकाईने पाहावे. व्हिसासाठी 'श्पेरकोंटो' या बंदिस्त खात्यात वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागतात आणि त्यातून दरमहा 992 युरो चालू खात्यात सुटतात. बँकेची अट 1000 युरोंची असेल, तर ती केवळ 8 युरोंनी हुकते आणि वयाची सवलत लागू नसेल तर शुल्क सुरू होते. काही ठिकाणी कोणतीही जमा चालते, तर काही ठिकाणी पगारच लागतो. आपले वय, आपली मासिक जमा आणि ती कुठून येते, हे तीन मुद्दे बँकेच्या अटींशेजारी ठेवून पाहा. नोकरी लागली, शिक्षण संपले किंवा सवलतीचे वय ओलांडले, की हा हिशेब पुन्हा करा.

मासिक शुल्क हे डोळ्यांना दिसते, पण खरी गळती बहुतेक वेळा दुसरीकडे असते. महिना 5 युरो शुल्क म्हणजे वर्षाचे 60. त्याच्या शेजारी हे ठेवून पाहा: आपल्या बँकेच्या जाळ्याबाहेरच्या एटीएममधून पैसे काढताना एका वेळी 5 युरो कापले गेले आणि असे महिन्यातून दोनदा झाले, तर वर्षाचे 120 युरो गेले. म्हणून खाते उघडण्याआधी घराजवळ आणि कामाच्या वाटेवर कोणती यंत्रे आहेत ते बघून ठेवा. बऱ्याच सुपरमार्केटांत खरेदीचे पैसे देताना कार्डावर रोख रक्कमही मिळते. ती सोय तुमच्या कार्डाला आहे का, ते विचारा. दुकानांत सर्रास चालणारे 'गिरोकार्ड' काही ऑनलाइन बँका आता वेगळे शुल्क घेऊन देतात. छोटी बेकरी किंवा सरकारी कचेरी कधी कधी तेवढेच कार्ड घेते, त्यामुळे तुम्हाला ते लागेल का याचा आधीच विचार करा.

दुसरी गळती 'डिस्पो'ची. खात्यातली शिल्लक शून्याखाली गेली तरी ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे काढू देणारी ही सोय आहे आणि तिच्यावरचे व्याज बहुधा दोन आकडी असते. 12 टक्के दराने 1000 युरो तीन महिने थकले, तर 30 युरो व्याज लागते. नव्याने आलेल्याला बँकेने ही सोय आपण होऊन देऊ केली, तरी ती घेतलीच पाहिजे असे नाही. मर्यादा कमी करायला किंवा शून्य करायला सांगता येते.

तिसरी आणि आपल्यासाठी सर्वांत मोठी गळती भारतात पैसे पाठवण्यातली. 'पाठवणी मोफत' अशी जाहिरात असली, तरी रुपयाचा दर बाजारभावापेक्षा कमी दिला जाऊ शकतो. समजा तुम्ही दरमहा 500 युरो आईवडिलांना पाठवता आणि दर दोन टक्क्यांनी कमी मिळतो. म्हणजे दर महिन्याला 10 युरो आणि वर्षाला 120 युरो कोणत्याही पावतीवर न दिसता जातात. तुलना करताना शुल्क बघू नका. एकच प्रश्न विचारा: "मी आज 500 युरो दिले, तर तिकडे खात्यात नेमके किती रुपये जमा होतील?" ज्याचे उत्तर मोठे, तो मार्ग स्वस्त.

हे सगळे कागदावर मागण्याचाही हक्क तुम्हाला आहे. 2018 पासून प्रत्येक बँकेला खाते उघडण्यापूर्वी ठरावीक नमुन्यातले शुल्कपत्रक द्यावे लागते आणि वर्षातून एकदा प्रत्यक्षात काय काय कापले त्याचा तक्ताही. दोन बँकांची शुल्कपत्रके शेजारी ठेवली की फरक अर्ध्या तासात कळतो. बाफिनच्या संकेतस्थळावर चालू खात्यांची मोफत तुलनाही करता येते. ती जाहिरातदाराची नाही, नियामकाची आहे, म्हणून तिथून सुरुवात करा. ठेवींच्या सुरक्षेची काळजी अनेकांना वाटते. युरोपीय संघातल्या बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या 1 लाख युरोंपर्यंतच्या रकमेला कायद्याने संरक्षण आहे, मग बँक शाखेची असो वा ॲपची. नियामकाच्या यादीत ती बँक म्हणून नोंदलेली आहे, एवढी खात्री करून घ्या.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. पासपोर्ट, निवासाचा परवाना किंवा व्हिसा आणि नगरपालिकेकडच्या पत्तानोंदणीचा दाखला जवळ असला, की बहुतेक काम होते. 11 अंकी करक्रमांक नोंदणीनंतर टपालाने येतो. बहुतेक बँकांना तो नंतर कळवला तरी चालते. व्हिडिओवरून होणाऱ्या ओळखतपासणीत भारतीय पासपोर्ट सगळीकडे चालतोच असे नाही. अशा वेळी बँकेकडून पत्र घेऊन टपाल कार्यालयात समोरासमोर ओळख पटवता येते. तपासणी नाकारली म्हणून खाते नाकारले, असे समजून परत फिरू नका. आणि एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्जही टाकू नका. खात्यांची आणि कर्जांची माहिती 'शुफा' या पतनोंदणी संस्थेकडे जाते आणि पुढे घर भाड्याने घेताना घरमालक तिचा दाखला मागतो.

भारतातल्या जुन्या खात्याकडेही लक्ष द्या. परदेशी वास्तव्य सुरू झाल्यावर साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ खात्यात बदलावे लागते, आणि इथून पाठवलेल्या पैशांसाठी एनआरई खाते उघडता येते. एनआरई खात्याच्या व्याजावर भारतात कर नाही, म्हणून तो जर्मनीतही नाही, असा समज आपल्यात फार पसरला आहे. तो चुकीचा आहे. जर्मनीचा करनिवासी जगभरातल्या उत्पन्नावर इथे कर देतो आणि दोन्ही देशांत खात्यांच्या माहितीची देवाणघेवाण होते. व्याज आणि इतर भांडवली उत्पन्नाला दरसाल एका व्यक्तीमागे 1000 युरोंपर्यंत सूट आहे. त्यामुळे अनेकांना प्रत्यक्षात कर लागणारही नाही. पण सूट कुठे संपते हे पाहून विवरणपत्रात योग्य ती नोंद करणे आपले काम आहे.

आता एक विषय आम्हाला फार जवळचा वाटतो. आपल्या अनेक भगिनी पतीच्या नोकरीमुळे इथे येतात. भाषावर्ग, मुले, घर यांत पहिली दोन-तीन वर्षे निघून जातात आणि सगळा व्यवहार पतीच्या खात्यातून चालतो. स्वतःचे उत्पन्न नसताना खाते कशाला, असे दोघांनाही वाटते. असे ठेवू नका. दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असे संयुक्त खाते काढा, आणि त्याखेरीज पत्नीच्या नावाचे एक स्वतंत्र खातेही असू द्या. पहिली नोकरी, बाळंतपणानंतरचा पालकभत्ता, अडचणीच्या दिवसांतला स्वतःचा आधार, यांतल्या प्रत्येकासाठी ते लागते. संयुक्त खात्यावर उधारी झाली, तर तिची जबाबदारी दोघांवर येते, हेही दोघांना माहीत हवे. ज्या घरात दोघांनाही शिल्लक माहीत असते, त्या घरात पैशाची भीती कमी असते.

विद्यार्थ्यांना एक कळकळीचा इशारा. "तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, थोडे कमिशन ठेव" असे सांगणारा माणूस नोकरी देत नसतो, चोरीचा पैसा तुमच्या नावावरून फिरवत असतो. "आमच्या ॲपची चाचणी म्हणून व्हिडिओवर ओळख पटव" असे सांगूनही तुमच्या नावाने खाते उघडले जाते. अशा प्रकरणात पोलीस सर्वांत आधी खातेदाराकडे येतात. जर्मन कायद्यात काळा पैसा फिरवणे हा गुन्हा आहेच, आणि घोर निष्काळजीपणाने तो फिरवू देणे हाही गुन्हाच आहे. त्याची झळ निवासाच्या परवान्यालाही लागू शकते. आपले खाते, कार्ड आणि पासवर्ड कोणालाही वापरू देऊ नका, ओळखीच्या माणसालाही नाही.

शेवटी, जे आधीच महाग खात्यात अडकले आहेत त्यांच्यासाठी. भाडे, वीज, विमा, मोबाइल सगळे तिथे जोडलेले असते, म्हणून बदल नको वाटतो. पण 2016 पासून खाते बदलताना मदत करणे बँकांना बंधनकारक आहे. नव्या बँकेला सहीचे संमतिपत्र द्या. मग जुन्या बँकेला तुमच्या खात्यातून नियमित वळत्या होणाऱ्या रकमांची मागच्या 13 महिन्यांची यादी नव्या बँकेला द्यावी लागते. बदल होईपर्यंत जुन्या खात्यात थोडी शिल्लक ठेवा, आणि कोणाची वसुली चुकून झालीच तर 8 आठवड्यांच्या आत ती परत मागता येते हे लक्षात ठेवा. कायमचे भारतात परतणाऱ्यांनी मात्र खाते घाईने बंद करू नये. घरमालकाकडची अनामत आणि कराचा परतावा बऱ्याचदा काही महिन्यांनी येतो.

आता मंडळातल्या जुन्या सभासदांना विनंती. पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी खात्याबद्दल विचारेल, तेव्हा आपल्या बँकेचे नाव सांगण्याआधी त्याचे वय, त्याची मासिक जमा आणि भारतात पैसे पाठवायचे आहेत का, हे त्याला विचारा. शक्य असेल तर त्याच्यासोबत टपाल कार्यालयात किंवा शाखेत जा. ज्यांना जर्मन पत्रे वाचून द्यायला वेळ देता येईल त्यांनी कार्यकारिणीला आपले नाव कळवावे. आणि आपण सर्वांनी या महिन्यात एकदा आपले वार्षिक शुल्कपत्रक उघडून वाचावे. मेहनतीच्या पैशातला प्रत्येक युरो कुठे जातो, हे माहीत असणे हा आपला हक्क आहे. तो आपणच बजावायला हवा.

आपले,
संपादक मंडळ