दम्याचा हिशेब कोणाच्या वहीत?

सोयाबीनची मळणी लागली की आपल्या मालेगाव-मानोरा भागात घराघरांत खोकला सुरू होतो. मळणीयंत्रापाशी तोंडाला फडकं बांधून उभ्या राहणाऱ्या बाया, कुटार भरणारी पोरं, रातच्याला खाटेवर उठून बसलेली म्हातारी माणसं. कोणी म्हणते थंडीनं झालं, कोणी म्हणते वयानं. दमा आपण नशिबात टाकून मोकळे होतो. त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. संघटनेनंही आजवर ठेवला नाही.

साधा हिशेब मांडू. २०२४-२५ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. दम्याचा पेशंट महिन्यातून दोनदा तालुक्याच्या दवाखान्यात गेला, संगं घरचं एक माणूस गेलं, तर मिळून चार रोज बुडाले. म्हणजे १,१८८ रुपये. वर्षाचे १४ हजारांच्या वर. यात गाडीभाडं नाही, औषध नाही, सलाईन नाही. महात्मा फुले योजना दवाखान्यात भरती झाल्यावर कामी येते, दर महिन्याच्या औषधाला नाही. मग उचल घ्यावी लागते. वनहक्काच्या पट्ट्याची जमीन कायद्यानं विकता येत नाही, हे खरं. पण उभं पीक सावकाराला बोलून बसलं की पट्टा पेटीत राहतो आणि हंगाम दुसऱ्याच्या घरी जातो. मोर्चे काढून मिळवलेलं वावर असं खोकल्यापायी हातचं जाते.

धूर येतो कुठून? पहिला चुलीतून, हे कबूल करू. या पत्रकात चुलीच्या धुरावर लिहायचं आम्ही टाळत आलो. मोळी अडवणाऱ्यांना आयतं निमित्त मिळेल, ही भीती होती. पण आमच्या गप्प राहण्यानं बायांच्या छातीतला धूर कमी झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० साली घरातल्या धुरापायी जगात ३२ लाख माणसं गेली. २०१६ साली उज्ज्वला आली, सिलिंडरही आलं. पण ते भरायला एकदम पैसे लागतात. ते सोयाबीन विकल्यावर असतात, श्रावणात नसतात. म्हणून सरपण हा आमचा हक्क आहे आणि परवडणारा गॅस ही आमची मागणी आहे. दोन्ही एकाच तोंडानं मागायचं, त्यात लाजायचं काही नाही.

बाकीचा धूर चुलीचा नाही. पेटवलेली पऱ्हाटी, मोहाखाली जाळलेला पाला, तेंदूसाठी लावलेली आग, खडीच्या क्रशरची पांढरी धूळ. मोहाखाली पाला न जाळता जुनं लुगडं अंथरून फुलं वेचता येतात, तेवढं आपल्या हातात आहे. क्रशर आपल्या हातात नाही. देशाचा शुद्ध हवेचा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्यात अकोला, अमरावती अशी शहरं आहेत, आपलं एकही खेडं नाही. जिथं हवा मोजायचं यंत्रच नाही, तिथं धूळ नाही असं म्हणायला साहेब मोकळे. पण वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं जंगल आणि पाणी राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. जंगलाला लागून क्रशर येत असेल तर ठराव आधीच करा, खडी पडायला लागल्यावर नको.

औषधाचं एक सांगतो. पंपाची सवय लागते म्हणून लोक पंप घेत नाहीत. ही समजूत खोटी आहे. साल्ब्युटामॉलचा पंप धाप लागल्यावर आराम देतो. ब्युडेसोनाइडचा पंप डॉक्टर सांगतील तसा रोज घेतला तर आतली सूज उतरते आणि धाप लागायचंच कमी होते. दोन्ही औषधं सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. इंजेक्शन टोचून एक रात्र काढण्यापेक्षा हे स्वस्त पडते. तरी आपल्या माणसाला पंपासाठी तालुका गाठावा लागतो. ती औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने का नसावीत?

२६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी प्रत्येक गावानं एक वही घालावी. घरात कोणाला दम लागतो, कोणत्या महिन्यात, किती रोज बुडाले, किती उसने काढले, एवढंच लिहायचं. लिहायचं काम शाळेत जाणाऱ्या पोरींना द्या. वहीची एक नक्कल ठरावासोबत आरोग्य केंद्राला द्या आणि पोच घ्या. दुसरी आमच्याकडे पाठवा.